ओझे उतरवणारी झडप

म्हैसूर शहरातील जुन्या वस्त्या मोहल्ला या नावाने ओळखल्या जातात. देवराज मोहल्ला, मंडी मोहल्ला, नजरबाद मोहल्ला अशा अनेक मोहल्ल्यांपैकी लष्कर मोहल्ला हा एक. पुण्याच्या जुन्या पिढीतील माणसे छावणीच्या भागाला ‘लष्कर’च म्हणत, त्यामुळे हे नाव मराठी कानाला परके वाटत नाही. अशोक रस्त्यावरील सेंट फिलोमिना चर्चचे दोन उंच मनोरे ही या भागाची दुरून दिसणारी खूण. मनोऱ्यांच्या पायथ्याशी मात्र बाजारपेठेची नित्याची धावपळ चालू असते. माल येतो, उतरतो, चढतो आणि पुढे जातो. जेथे माल व वाहने यांची एवढी ये-जा असते, तेथे उचलण्याची लहानमोठी यंत्रेही असतातच.

अशा वस्तीतील एखाद्या लहानशा गॅरेजाची कल्पना करावी. तेथे मोटार उचलण्यासाठी एक हायड्रॉलिक लिफ्ट आहे. विजेच्या मोटरीवर चालणारा पंप टाकीतील तेल उभ्या सिलिंडरमध्ये ढकलतो, सिलिंडरमधील दांडा वर सरकतो आणि त्यावरील लोखंडी मंच मोटारीसह माणसाच्या डोक्याच्या उंचीपर्यंत चढतो. मिस्त्री मंचाखाली उभा राहून काम करतो. काम संपले की एक तरफ दाबली जाते, मंचाच्या वजनानेच तेल पुन्हा टाकीत परतते आणि मोटार खाली येते. लिफ्ट विकत घेताना मालक एकच प्रश्न विचारतो, ‘ही किती वजन उचलते?’ ते वजन ती कशी खाली आणते, हे फारसे कोणी विचारीत नाही. वस्तुतः चढवण्याचे काम पंपाचे असते आणि पंप कमजोर असेल तर फार तर मोटार वर जाणार नाही. उतरवण्याचे काम मात्र पंप करीत नाही. तेथे ओझे स्वतःच ओढ घेत असते आणि त्या ओढीला आवर घालणारी एकच वस्तू तेलाच्या वाटेवर असते, ती म्हणजे प्रवाह-नियंत्रक झडप. कारागिरांच्या बोलीत तिला ‘फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह’ म्हणतात. तळहातावर मावणाऱ्या या वस्तूची निवड बहुधा दुकानात जे उपलब्ध असेल त्यावर, आणि ते जमले नाही तर किमतीवर, सोडून दिली जाते.

ही निवड समजून घेण्यासाठी दाब आणि प्रवाह यांतील भेद प्रथम स्पष्ट व्हावयास हवा. सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. याच तत्त्वाच्या आधारे जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये इंग्लंडमध्ये पाण्याच्या दाबावर चालणारा दाबयंत्राचा नमुना नोंदवला. त्यानंतर यंत्रे बदलली आणि पाण्याच्या जागी तेल आले, परंतु मूळ हिशेब तोच राहिला. ओझे जितके जड, तितका तेलाचा दाब अधिक. तेल जितक्या वेगाने वाहील, तितक्या वेगाने ओझे हलेल. दाब वजनाशी बांधलेला असतो आणि प्रवाह वेगाशी. लिफ्ट हळू चालते म्हणून दाब वाढवण्याचा उपाय सुचवणारे कारागीर आजही भेटतात, तो या दोहोंच्या गल्लतीचाच परिणाम होय.

आता आकडे मांडून पाहू. मंचाचे स्वतःचे वजन ६०० किलो आहे आणि त्यावर १,८०० किलो वजनाची मोटार चढली आहे, असे समजावे. एकूण वजन २,४०० किलो. सिलिंडरचा आतील व्यास ८० मिलिमीटर असेल, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे मोटारीसह तेलावर दर चौरस सेंटिमीटरला ४८ किलो इतका दाब येईल आणि रिकाम्या मंचाचा दाब १२ किलो असेल. मंच १८० सेंटिमीटर उंचीवरून ३६ सेकंदांत उतरावा अशी अपेक्षा असल्यास वेग सेकंदाला ५ सेंटिमीटर ठेवावा लागेल. ५० चौरस सेंटिमीटर गुणिले ५ सेंटिमीटर म्हणजे सेकंदाला २५० घन सेंटिमीटर तेल. मिनिटाचा हिशेब केला तर १५ लिटर. झडपेच्या दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी कागदावर लिहून न्यावयाचे आकडे हेच तीन आहेत : १५ लिटरांचा प्रवाह, ४८ चा भरलेला दाब आणि १२ चा रिकामा दाब. यांपैकी तिसरा आकडा जवळजवळ नेहमी विसरला जातो, आणि पुढील सर्व घोटाळ्याचे मूळ तेथेच असते.

सर्वांत स्वस्त झडप म्हणजे साधी सुई-झडप. तेलाच्या वाटेत एक छिद्र असते आणि बाहेरील चकती फिरवून एक अणकुचीदार दांडी त्या छिद्रात कमीअधिक शिरवता येते. घरातील पाण्याची तोटी अर्धवट बंद करावी, तसाच हा प्रकार. परंतु तोटीचा अनुभव ज्याला आहे, त्याला हेही ठाऊक असते की वरची टाकी भरलेली असली की त्याच तोटीतून पाणी जोराने येते आणि टाकी रिकामी होत आली की धार बारीक होते. छिद्रातून वाहणारा प्रवाह हा छिद्राच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. दाब चौपट झाला की प्रवाह दुप्पट होतो. उदाहरणातील लिफ्टचा भरलेला दाब रिकाम्या दाबाच्या बरोबर चौपट आहे. म्हणून मोटारीसह ३६ सेकंदांत उतरावी अशा बेताने सुई-झडप लावली, तर रिकामा मंच उतरण्यास ७२ सेकंद लागतील.

येथे माणसाचा स्वभाव आड येतो. रिकामा मंच सव्वा मिनिट रेंगाळत उतरतो आणि बाहेर दुसरी मोटार थांबलेली असते. गॅरेजातील कोणीतरी वैतागून चकती थोडी सैल करतो. आता रिकामा मंच ३६ सेकंदांत खाली येऊ लागतो आणि सर्वांचे समाधान होते. थोड्या वेळाने त्यावर मोटार चढते. तीच झडप, त्याच जागी असलेली चकती, पण या वेळी मंच १८ सेकंदांतच उतरतो. वेग दुप्पट झाला की थांबवावी लागणारी ऊर्जा चौपट होते. वाटेत काही अडथळा दिसून मिस्त्रीने तरफ एकदम सोडली, तर तेलाचा स्तंभ झटक्याने अडतो, दाब क्षणभर उसळतो, नळ्या व सांधे ताणले जातात आणि मोटार मंचावर डोलते. ज्याने चकती सैल केली त्याचा हेतू वाईट नव्हता. झडपच अशी निवडली गेली होती की रिकाम्या आणि भरलेल्या दोन्ही स्थितींत एकच वेग देणे तिला शक्यच नव्हते.

या अडचणीवरील तोडगा समजण्यासाठी म्हैसूरचाच एक दाखला उपयोगी पडतो. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई प्रांताच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात अभियंता असताना त्यांनी धरणासाठी आपोआप चालणारे दरवाजे तयार केले. ते १९०३ मध्ये पुण्याजवळील खडकवासला धरणावर बसवण्यात आले. पाण्याची पातळी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की दरवाजे उघडत आणि पातळी उतरली की मिटत. दरवाजाजवळ रात्रंदिवस माणूस उभा करण्याची आवश्यकता उरली नाही, कारण ज्या पाण्याला आवरावयाचे तेच पाणी दरवाजाला हलवीत होते. पुढे विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानचे दिवाण झाले आणि म्हैसूरजवळच्या कृष्णराजसागर धरणावरही याच धर्तीचे दरवाजे आले.

दाब-समतोल झडपेत, म्हणजे विक्रेते जिला ‘प्रेशर कॉम्पेन्सेटेड’ म्हणतात त्या झडपेत, असाच एक बोटभर दरवाजा दडलेला असतो. मुख्य छिद्राच्या जोडीला एक लहान सरकता दट्ट्या व एक स्प्रिंग असते. छिद्राच्या अलीकडचा दाब दट्ट्याच्या एका टोकावर आणि पलीकडचा दाब स्प्रिंगसह दुसऱ्या टोकावर पोहोचतो. ओझे वाढून दाबांतील फरक वाढू लागला की दट्ट्या सरकून तेलाची वाट तेवढीच अरुंद करतो; ओझे कमी झाले की स्प्रिंग त्याला मागे ढकलते व वाट रुंद होते. परिणामी छिद्राच्या दोन बाजूंतील फरक जवळजवळ स्थिर राहतो आणि म्हणून प्रवाहही स्थिर राहतो. मंचावर मोटार असो वा नसो, मिनिटाला १५ लिटरच तेल वाहते आणि उतरण्यास ३६ सेकंदच लागतात. ज्या यंत्रावरील ओझे दर फेरीला बदलते, त्यासाठी हीच झडप योग्य होय. किमतीतील फरक हे येथे कारण होऊ शकत नाही. ओझे कायम एकसारखेच राहणार असेल, तरच साध्या झडपेवर भागते. पण गॅरेजातील लिफ्ट त्या वर्गात मोडत नाही.

तथापि दाब-समतोल झडप ही काही जादू नव्हे. तिच्यातील दट्ट्या हलण्यासाठी काही किमान दाब लागतो. तो झडपेगणिक वेगळा असला, तरी पुष्कळ झडपांत दर चौरस सेंटिमीटरला ५ ते १० किलोंच्या दरम्यान असतो. उदाहरणातील रिकाम्या मंचापाशी एकूण १२ किलोंचाच दाब आहे. त्यातील ८ झडपेनेच घेतले, तर नळ्या, वळणे आणि दुसऱ्या झडपा यांच्यासाठी फक्त ४ उरतात. नळी अरुंद असल्यास एवढे पुरत नाहीत आणि मंच रेंगाळतो. मग दोष झडपेला दिला जातो व पुन्हा चकतीशी खेळ सुरू होतो. तिसरा आकडा कागदावर लिहून न्यावा, असे वर म्हटले ते याचसाठी. तो ठाऊक असेल तर कमी दाबावर काम करणारी झडप मागता येते किंवा परतीची नळी एक आकार मोठी घेता येते.

झडप कोणती यासोबतच ती कोठे बसवावी हाही प्रश्न असतो. चढताना तेलाला अडवण्याचे काहीच प्रयोजन नाही. त्या वेळी छिद्र लहान केले, तर पंपाचे जास्तीचे तेल दाबमुक्ती झडपेवाटे टाकीत परतते, वीज वाया जाते आणि तेल तापते. चढण्याचा वेग पंपाच्या आकारानेच ठरवावा. म्हणून प्रवाह-नियंत्रक झडपेच्या जोडीला एकमार्गी झडप असलेला नमुना घेतात. वर जाणारे तेल एकमार्गी झडपेतून मोकळेपणाने जाते आणि उतरणाऱ्या तेलाला मात्र छिद्रातूनच जावे लागते. झडपेच्या अंगावर बाणाची खूण असते. ती उलटी बसली तर लिफ्ट चढताना अडखळते आणि उतरताना बेफाम होते. ही चूक वाटते त्यापेक्षा पुष्कळ वेळा घडते.

झडप शक्यतो सिलिंडरच्या तोंडाशीच असावी. पंपाजवळ बसवली की हाताशी येते, चकती फिरवणे सोपे जाते, म्हणून पुष्कळ ठिकाणी ती तेथे आढळते. परंतु सिलिंडर व झडप यांच्यामध्ये रबरी नळी आली आणि एखाद्या दिवशी ती फुटली, तर तेलाला झडपेपर्यंत येण्याचे कारणच उरत नाही. ते फुटल्या जागेतून बाहेर पडते आणि मंच कोसळतो. यासाठी सिलिंडरच्या तोंडातच आट्यांनी बसवावयाची आणखी एक छोटी झडप मिळते. प्रवाह ठरावीक मर्यादेपुढे गेला की ती स्वतःच वाट बंद करते. तिची मर्यादा नेहमीच्या १५ लिटरांपेक्षा पुरेशी वर हवी, नाही तर साध्या उतरण्यातही ती मध्येच मिटेल. पण नळी फुटल्यावर जो लोंढा सुटेल, त्याहून निश्चितच खाली हवी. मर्यादा फारच वर ठेवलेली झडप लावणे आणि न लावणे यांत काही अंतर नाही.

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. प्रवाह-नियंत्रक झडप वेग आवरते, ओझे धरून ठेवीत नाही. दिशा बदलणाऱ्या सरकत्या झडपाही थोडे थोडे तेल झिरपू देतात, त्यामुळे रात्रभर वर ठेवलेली मोटार सकाळी बोटभर खाली आलेली दिसते. मंचाखाली माणूस जाणार असेल तर लोखंडी खिळी, दातेरी अडसर किंवा भक्कम टेकू यांचाच आधार हवा. तेलाच्या भरवशावर कोणीही ओझ्याखाली जाऊ नये, मग झडप कितीही उत्तम असो.

काही यंत्रांत ओझे एवढे सरळ वागत नाही. म्हैसूर येथील बीईएमएलच्या कारखान्यात खाणींसाठी अजस्र डंपर तयार होतात. डंपरचा हौदा कलतो तेव्हा किंवा क्रेनचा हात खाली येतो तेव्हा ओझ्याची ओढ जागोजाग बदलते आणि सिलिंडरला दोन्ही बाजूंनी तेल पुरवावे लागते. अशा वेळी ओझे पंपाच्या पुढे धावू लागते. पंप तेल देतो त्याहून अधिक वेगाने दांडा सरकतो, मागे पोकळी पडते आणि यंत्र धक्के देत उतरते. तेथे प्रतिभार झडप, म्हणजे ‘काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह’, सिलिंडरवर बसवतात. पंपाकडून दाब आल्याशिवाय ती परतीची वाट उघडत नाही. तिची मर्यादा सर्वांत जड ओझ्याच्या दाबाच्या सुमारे १.३ पट ठेवण्याचा प्रघात आहे. क्रेनसारख्या यंत्राची निवड अनुभवी अभियंत्यावर सोपवावी. गॅरेजातील लिफ्टचे गणित क्रेनला लावू नये.

दुकानातील खरेदीविषयी थोडे सांगावयास हवे. मोठी झडप म्हणजे चांगली झडप, असा समज सर्वत्र आढळतो. १५ लिटरांच्या कामासाठी ८० लिटरांची झडप आणली, तर चकतीचा सगळा उपयोगी फेर सुरुवातीच्या जरा-जराशा वळणात संपतो; केसभर फिरवले तरी वेग भलताच बदलतो. अपेक्षित प्रवाह झडपेच्या पल्ल्याच्या मध्यभागी यावा, हे चांगले. झडपेचा कमाल दाब मात्र कामाच्या दाबापेक्षा बराच वर असावा, कारण झटक्याच्या वेळी दाब उसळतो. आटे पाहून घ्यावेत. अर्ध्या इंचाच्या ब्रिटिश आणि अमेरिकन आट्यांत इंचाला १४ फेरे सारखेच असतात. पण आट्यांचा कोन ब्रिटिश पद्धतीत ५५ अंशांचा तर अमेरिकन पद्धतीत ६० अंशांचा असतो. हाताने दोनतीन फेरे बसतात, पाना लावला की घट्टही वाटतात, आणि काही दिवसांनी सांध्यातून तेल पाझरू लागते.

तेलाचाही झडपेवर परिणाम होतो. बाजारात मिळणाऱ्या ४६ क्रमांकाच्या हायड्रॉलिक तेलाचा दाटपणा ४० अंश सेल्सिअसला त्या मापावर ४६ असतो, पण २० अंशांना तो सव्वाशेच्या आसपास पोहोचतो. म्हैसूरची हवा सौम्य. तरीही डिसेंबरच्या सकाळी पहिली मोटार उतरते आणि दुपारी तापलेल्या तेलावर दहावी उतरते, तेव्हा सुई-झडपेवरील वेगात फरक जाणवतो. छिद्राची कड पातळ व धारदार असेल तर दाटपणाचा परिणाम कमी होतो. चांगल्या झडपांत तशी रचना असते. मळक्या तेलावर मात्र कोणतीही झडप टिकत नाही. लोखंडाचा एखादा बारीक कण दट्ट्यात अडकला की दाब-समतोल झडपही साध्या झडपेसारखीच वागू लागते, आणि हे बाहेरून दिसत नाही. गाळणी वेळच्या वेळी बदलणे हे झडप निवडण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

१९४८ च्या कारखाना अधिनियमाने उचलण्याच्या यंत्रांची बारा महिन्यांतून किमान एकदा जाणकार व्यक्तीकडून तपासणी करण्याचे बंधन घातले होते. परंतु विजेवर चालणाऱ्या ज्या जागी दहापेक्षा कमी कामगार असत, त्या सर्वसाधारणपणे त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहत. तीनचार माणसांच्या गॅरेजात तपासनीस येत नसे. तेथे लिफ्टखाली जो उभा राहतो, त्यालाच ती तपासावी लागते.

त्यासाठी फार साधने लागत नाहीत. झडप बसवल्यावर मंच प्रथम रिकामा वर नेऊन उतरवावा आणि हातातील घड्याळावर सेकंद मोजावेत. मग नेहमीची सर्वांत जड मोटार ठेवून तेच करावे. मंचाखाली व आसपास कोणी नसावे. दोन्ही वेळांत थोडाच फरक असेल तर निवड योग्य झाली. एक वेळ दुसरीच्या निम्मी भरली, तर चकती कितीही फिरवून उपयोग नाही. झडपच बदलावी लागेल. त्यानंतर ओझ्यासह मंच अर्ध्या उंचीवर थांबवून दांड्यावर खडूची रेघ ओढावी आणि दहा मिनिटांनी ती कोठे आली आहे हे पाहावे. वेग मनासारखा बसल्यावर चकतीखालील कुलूप-नट आवळावा आणि दोन्ही वेळा तारखेसह लिफ्टच्या खांबावर रंगाने लिहून ठेवाव्यात. तेल बदलल्यानंतर पुन्हा घड्याळ हातात घ्यावे आणि नवे आकडे जुन्यांच्या खाली लिहावेत.